रीमच्या स्वप्नात साप येत नसे

आमच्या प्रेक रांग या तरंगत्या गावात पोरगी वयात आली की शेजारच्या होडीवरून पहिला प्रश्न येतो तो हाच, "साप आला का गं स्वप्नात?"

स्वप्नात साप येऊन अंगाला वेढा घालून बसला, की वर्षाच्या आत नवरा दारात उभा राहतो, असं आमच्याकडे सगळेच धरून चालतात. भिक्खूंना विचारलं तर ते हसतात, पण नाही म्हणत नाहीत. माझ्या स्वप्नात आला होता तो हिरवा, काडीसारखा, फांदीवरून लोंबणारा. नवराही तसाच मिळाला. लुकडा, आणि काम निघालं की कुठेतरी उंच जाऊन बसणारा. त्यामुळे माझा तरी या गोष्टीवर विश्वास आहे.

रीमचं मात्र उलटंच होतं. तिचे दोन्ही हात दिवसभर सापांत असायचे, आणि स्वप्नात एकही फिरकायचा नाही.

तिचं तरंगतं घर गावाच्या अगदी कडेला होतं, जिथून पाण्यात बुडालेलं रान सुरू होतं. घरात ती आणि तिची आई, म्हातारी मौ. बाप तापाने गेला तेव्हा रीम एवढीशी होती. त्याच्यामागे राहिली ती एक होडी आणि बारीक विणीची जाळी. रीमने तीच जाळी उचलली. संध्याकाळी ती रानात शिरायची, झुडपांच्या डोक्यांमधून जाळी सोडून यायची, आणि उजाडताना परत जाऊन ओढायची. लहान माशांच्या मागे धावणारे साप त्यात अडकलेले असायचे. पाण्याच्या दिवसांत आमच्या तोन्ले सापवर, म्हणजे आमच्या तळ्यावर, मासे थोडे आणि साप फार असतात. सापांना गिऱ्हाईक कायमचं. मगरी पाळणाऱ्यांना ते टोपल्यांनी लागतात.

ते गाळातले साप. आम्ही त्यांना पाणकमळाचे साप म्हणतो, कारण पाणकमळांच्या देठांमध्ये ते सापडतात. पाठ शेवाळी, तिच्यावरून दोन फिकट रेघा, आणि ओल्या अंगावर ऊन पडलं की तेलाच्या तवंगासारखे रंग. डोळे आणि नाकपुड्या डोक्याच्या वरच्या बाजूला, म्हणजे गाळात लोळूनही वरचं जग बघता येतं. चावले तरी माणसाला काही होत नाही. रीम त्यांना जाळ्यातून असं सोडवायची, जसे दुसऱ्या बायका लेकीच्या केसांतला गुंता सोडवतात. टोपलीत टाकताना प्रत्येकाला हळूच काहीतरी म्हणायची. काय म्हणतेस, असं मी एकदा विचारलं तर म्हणाली, "रागावू नको म्हणते. दुसरं काय म्हणणार?"

मी कॉफीची होडी चालवते. सकाळी घरोघर फिरून कॉफी, पेज, आणि दूध घातलेला बर्फ विकते. सगळ्यात शेवटचं घर रीमचं. त्यामुळे तिथे जरा टेकायला सवड असायची.

"काय गं रीम, रात्री तरी आला का?" मी रोज विचारायची.

"आले ना. ही काय टोपली भरलीय."

"जागेपणीचे नाही विचारत मी."

"झोपेत कशाला येतील, बोंग? दिवसभर माझंच तोंड बघून कंटाळतात बिचारे."

बोंग म्हणजे थोरली. मी तिच्याहून वयाने मोठी, म्हणून मी बोंग नेत.

म्हातारी मौ आतून ओरडायची, "त्यांच्या जातीत हिचं नाव खराब झालंय! कोण आई आपल्या पोराला पाठवेल हिच्या स्वप्नात?"

"मग तुला काय दिसतं गं स्वप्नात?" मी एकदा विचारलं.

तिने पेल्यातला बर्फ ढवळला. मग म्हणाली, "पाणी दिसतं. मी खाली असते, गाळात. मऊ असतं. आणि वरून होड्या जातात. तुझी पण जाते. तिचा खालचा भाग हिरवा आहे, शेवाळ धरलंय. खरवडून घे."

मी घरी येऊन होडी उलटी केली. शेवाळ होतंच. शेवाळ काय, सगळ्यांच्याच होड्यांना असतं. पण त्या दिवसापासून मी रीमच्या घराजवळून जाताना वल्हं जरा हळू मारायला लागले.

अशीच वर्षं गेली. तिच्या बरोबरीच्या पोरींची लग्नं झाली, पोरं झाली, ती पोरं पोहायला लागली. रीम तिशीच्या पुढे सरकली. गावाने विचारणं सोडलं, आणि मौनेही ओरडणं सोडलं. हे दुसरं जास्त वाईट होतं.

मग एका सकाळी तीच माझ्याकडे आली. पितरांचा पंधरवडा नुकताच संपला होता, पाणी भरून उभं होतं, झाडांचे फक्त शेंडे दिसत होते. मी अजून कॉफी गाळत होते. तिने तिची होडी माझ्या होडीला लावली आणि वल्हं मांडीवर घेऊन बसली.

"काय झालं?"

"आला," ती म्हणाली.

माझ्या हातातली कॉफीची गाळणी तशीच राहिली. "कुठला? कसा?"

"आपलाच. पाणकमळाचा. मी नेहमीसारखी खाली होते. तो आला, कमरेला वेढा घातला आणि बसला. पण बोंग, तो गरम होता. पाण्यातला साप कधी गरम असतो का? आणि त्याला भाजलेल्या मातीचा वास येत होता."

"घाबरलीस?"

"नाही. तोच घाबरलेला होता."

मी मौला सांगितलं नाही, रीमनेही नाही. तरी दुपारपर्यंत अख्ख्या गावाला कळलं होतं. पाण्यावर आवाज लांब जातो.

त्यानंतर थोड्याच दिवसांत कुंभारांच्या छ्नांगकडून मडक्यांची होडी आली. दरवर्षी कुणी ना कुणी येतं. चुली, मडकी, रांजण, मध्ये गवत भरलेलं. यंदा आणणारा माणूस नवा होता. नाव थोल. घरी आई आणि बहिणी भांडी घडवायच्या, हा माती मळायचा आणि माल विकायचा. मोठा भाऊ आजारी पडला म्हणून पहिल्यांदाच तळ्यावर आला होता. त्याचं गाव कोरड्या जमिनीवर, ताडाच्या झाडांत. होडीच्या दोन्ही कडा घट्ट धरून तो असा बसला होता, की होडी त्याला नेत नसून तोच तिला उचलून धरतोय असं वाटावं.

रानाकडून येताना पहिलं घर रीमचंच लागतं. त्याने तिथेच दोर बांधला आणि घरापुढच्या तराफ्यावर चढला. मौ बाहेर आली आणि चुलीचा भाव करायला बसली. रीम जाळी धूत होती. मी माझ्या होडीत होते, त्यामुळे पुढचं सगळं मी डोळ्यांनी पाहिलं.

तराफ्यावर झाकण लावलेली मोठी टोपली होती. झाकण हलत होतं.

"कोंबड्या का, बोंग?" थोलने रीमला विचारलं.

"उघडून बघ," रीम म्हणाली. मान वर न करता.

त्याने उघडलं. पुढच्याच क्षणी तो मागे सरकला, आणखी मागे सरकला, आणि तिथे तराफा संपला होता.

माणूस पाण्यात पडला की आम्ही हसतो, कारण तो वर येतोच. थोल वर आला, पण पुन्हा खाली गेला. तेव्हा कळलं की याला पोहता येत नाही. रीमने डोक्याला गुंडाळलेला क्रामा, म्हणजे आमचा चौकड्यांचा पंचा, सोडला आणि त्याचं टोक पाण्यात फेकलं. ती स्वतःच उडी मारायला निघाली होती, पण मौने तिला मागून धरलं.

"तू नको शिरू! क्रामा धर म्हणावं त्याला. लग्नाआधी एवढंच बरं दिसतं."

थोलने ते टोक धरलं. रीमने ओढलं. तो तराफ्यावर आला, पाणी ओकला, डोळे उघडले, आणि तरी क्रामा सोडेना. आमच्याकडे लग्नात नवरा असाच नवरीच्या ओढणीचं टोक धरून तिच्यामागून खोलीत शिरतो. समोरच्या घरातली एक बाई हे सगळं बघत होती. ती तिथून ओरडली, "अगं, लागलं की लग्न! अक्षता कुणाकडे आहेत?"

रीमने पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट बघितलं. ओला, थरथरणारा, केसांत गवत. तिच्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान असावा. ती वाकली आणि त्याच्या बाहीला नाक लावून हुंगलं. म्हातारीला काही कळलं नाही. मला कळलं.

थोल तेव्हा गेला, पण महिन्याभरात परत आला. मौसाठी चूल घेऊन. मग पुन्हा आला, पुन्हा चूल घेऊन. मातीची चूल काही दर महिन्याला फुटत नाही.

शेवटी मौच म्हणाली, "हे बघ बाबा. घरात माणसं दोन आणि चुली सहा झाल्यात. आणखी एक आणलीस तर हे घर बुडेल. काय बोलायचं ते बोलून टाक."

थोलने रीमकडे बघितलं आणि म्हणाला, "बोंग, मला पोहायला येत नाही. सापांची तर भीतीच वाटते."

"दिसतंय ते," रीम म्हणाली.

"तरी चालेल का?"

"चुली आणणं बंद कर. मग चालेल."

लग्न भिक्खूंच्या तरंगत्या विहारात झालं. मनगटांवर दोरे बांधताना मी जवळच होते. रीमची बोटं जाळ्यांनी कापून कापून खरखरीत झालेली, आणि थोलची मातीने. गंमत पुढेच होती. आमच्याकडे बायको नवऱ्याला बोंग म्हणते, तो वयाने लहान असला तरी. पण थोलला रीमला बोंग म्हणायची सवय लागली होती. त्यामुळे त्या घरातून कितीतरी दिवस नुसतं "बोंग, ए बोंग" ऐकू यायचं, आणि ओ कुणीच द्यायचं नाही, कारण दोघांच्याही लेखी बोंग म्हणजे समोरचं माणूस.

त्याची भीती मात्र गेली नाही. सापांच्या टोपल्यांसाठी त्याने बांबूचा वेगळा तराफा बांधला आणि लांब दोरीने तो घराच्या मागे तरंगत ठेवला. रीम जाळी ओढून आली की गवती चहाच्या पानांनी अंग घासून धुवायची, मगच आत यायची. तरीही वाऱ्याने तराफा घराजवळ आला आणि टोपली वाजली, की थोल झोपेतून उठून घराच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पडायचा. रीम हसायची नाही. "त्याच्या गावात नाग आहेत. त्याचा काका गेला नागाने," तिने मला एकदाच सांगितलं, आणि पुन्हा तो विषय काढला नाही.

मौ गेली ती तिसऱ्या वर्षी. नातवंड न बघता गेली. जाताना म्हणाली म्हणे, "चूल नीट विझवा."

त्यानंतरच्या पावसाळ्यातली गोष्ट. थोल माल आणायला आपल्या गावी गेला होता आणि परत यायचा होता. सकाळ स्वच्छ होती. पण दुपारी पलीकडचं आभाळ अचानक काळं झालं, आणि वारा असा उठला की आम्ही घरं एकमेकांना बांधून घेतली. तळ्यावरचा वारा फार वेळ टिकत नाही. तो गेला तेव्हा एक कोळी नखशिखांत भिजून रीमच्या दारात आला.

"मडक्यांची होडी पालथी पडलेली बघितली मी," तो म्हणाला. "सगळीकडे गवत पसरलंय."

"आणि माणूस?" मी विचारलं.

त्याने डोक्याचा क्रामा काढून हातात घेतला.

बायका जमल्या. कुणीतरी रडायला सुरुवात केली. रीम रडली नाही. तिने सापांच्या जाळ्यांची होडी सोडली. मी माझी किटली तिथेच टाकली आणि तिच्या होडीत उडी घेतली.

"तळ्याच्या मधे बघायला हवं," मी म्हणाले. "होडी तिथे पडली ना?"

"गवत होतं म्हणाला ना तो? वाऱ्याने सगळं रानाकडे येतं. तरंगणारं सगळं तिकडेच जाऊन अडकतं."

आम्ही रानात शिरलो. त्या दुपारसारखी शांतता मी नंतर कधी अनुभवली नाही. वादळाने पाण्यावरचा सगळा कचरा, सगळा आवाज, सगळं पुसून नेलं होतं. झाडांचे शेंडे बुडाले नव्हते तेवढे वर, आणि तेवढेच खाली, उलटे. आपण पाण्यावरून जातोय की दोन आभाळांच्या मधून, हे कळेना. एक बगळा उडाला तर खालून दुसरा उडाला. रीम वल्हं पाण्यात घालायची, बाहेर काढायची, आणि थेंबही वाजायचा नाही. मधेच ती थांबायची, डोळे मिटायची. मला वाटलं प्रार्थना करतेय. नंतर कळलं की ती वारा कुठून होता ते आठवत होती.

मला आठवतं, मला त्या क्षणी थोलचा विसर पडला होता. मला वाटत होतं की आम्ही रीमच्या स्वप्नातून चाललो आहोत, आणि आता कुठल्याही क्षणी आमच्या डोक्यावरून होड्या जायला लागतील.

ऊन तिरपं झालं तेव्हा आम्हाला जलपर्णीचा मोठा थर दिसला. वाऱ्याने ढकलत आणून झाडांच्या जाळीत अडकवलेला, एखाद्या अंगणाएवढा. जांभळी फुलं, मोडक्या बांबूचे तुकडे, गवत. आणि त्याच्यावर पालथा पडलेला थोल. दोन्ही हात मुळांमध्ये खुपसलेले. डोळे उघडे.

माझ्या तोंडून किंकाळी निघणार होती. तेवढ्यात त्या डोळ्यांची उघडझाप झाली.

"हळू," तो म्हणाला. आवाज कुठून तरी खोलातून यावा तसा. "हलवू नका. ते झोपलेत."

"कोण झोपलेत?" मी विचारलं.

"हिचे."

रीमने वाकून बघितलं, मग मीही बघितलं. जलपर्णीची मुळं सापांनी भरली होती. वादळात तेही तिथेच येऊन अडकले होते. त्याच्या दंडाखाली, मानेजवळ, काखेत, शर्टाच्या मोकळ्या घोळाखाली. कुणी वेढा घालून, कुणी नुसता टेकून. ओल्या पाठींवर तिरपं ऊन पडून त्यांचे रंग लखलखत होते.

रीम होडीतून पाण्यात उतरली. तिने एकेक साप असा बाजूला केला की पाणीही हललं नाही. "रागावू नको, रागावू नको," म्हणत होती. सापांना की नवऱ्याला, मला सांगता यायचं नाही.

होडीत घेतल्यावर मी थोलला क्रामात गुंडाळलं. घर जवळ आल्यावर तो म्हणाला, "आधी मी ओरडलो. मग देवाचं नाव घेतलं. मग दमलो. मग एक आला आणि इथे, हाताखाली येऊन राहिला. ऊब लागली असेल त्याला. तेव्हा वाटलं, यालाही वाऱ्यानेच इथे आणून टाकलंय. मी पण तसाच. मग दुसरा आला. मग मी मोजायचं सोडून दिलं."

"भीती नाही वाटली?" रीमने विचारलं.

"वाटली. पण ती कुठे ठेवायची? जागाच नव्हती."

त्या वर्षीची सगळी भांडी तळ्याच्या तळाशी गेली. अजूनही पाणी उतरलं की कुणाच्या तरी जाळ्यात एखादं मडकं लागतं, आणि लोक ते रीमकडे आणून देतात.

आणि थोल बदलला. एकदम नाही. आधी त्याने तराफ्याची दोरी आखूड केली. मग टोपल्या हातात घेऊन होडीत ठेवू लागला, मान फिरवून. मग एका सकाळी मी कॉफी घेऊन गेले तर तो टोपलीसमोर उकिडवा बसून ओरडत होता, "रीम! रीम, लवकर ये! हिला पोरं झाली!"

"होतात," रीम आतून म्हणाली.

"अगं, अंडी नाहीत. पोरं! जिवंत! हलतायत!"

"पाणकमळाच्या सापाला पोरंच होतात. अंडी नसतात."

"मग मला कधी सांगितलं का नाहीस?"

"तू टोपलीजवळ कधी आला होतास का?"

करंगळीएवढी पिल्लं होती, टोपलीच्या तळाशी, मोठ्यांच्या अंगांखाली चेंगरत. त्यांच्याही पाठीवर त्याच दोन रेघा, जणू कुणी अगदी बारीक कुंचल्याने ओढलेल्या. थोलने बादलीत पाणी घेतलं, पिल्लं आणि आई त्यात घातली, होडी घेऊन रानापर्यंत गेला आणि पाणकमळांच्या मधोमध बादली रिकामी केली. बराच वेळ तिथेच वाकून बघत बसला होता.

दुसऱ्या दिवशी त्याने टोपलीतल्या सगळ्याच पोटुशा सापिणी वेगळ्या काढल्या. तेव्हा मात्र रीम भडकली.

"सगळ्या सोडून दे. हो, सगळ्याच सोड! घरात चुली आहेत सहा, वर ठेवायला काही नको? तूच बसून राहा एकेका चुलीवर!"

थोलने बादली खाली ठेवली आणि तो होडीच्या टोकाला जाऊन बसला. रीमने त्या सापिणी परत टोपलीत टाकायला एक उचलली. तिचा अंगठा सापिणीच्या पोटावरून खाली सरकला आणि मधेच थांबला. मी बघत होते. कितीतरी वेळ तिने ती सापीण तशीच धरून ठेवली.

मग ती मला म्हणाली, अगदी हळू, "बोंग, इतकी वर्षं असं पोट हाताला लागलं की मी खूश व्हायची. वजन चांगलं भरेल म्हणून."

तिने बादली उचलली आणि स्वतःच होडीत बसली. थोल आपणहून वल्ह्यावर गेला. दोघं रानाकडे निघाले. कॉफी माझ्याच हातात राहिली, ती मीच प्यायले.

तेव्हापासून पोटुशी सोडायची असं त्या घरात ठरलं. बाकीचे विकायचे, खायला लागतंच. सापांचा व्यापारी सेंग माल न्यायला यायचा तेव्हा टोपली उचलून बघायचा आणि म्हणायचा, "काय रे, सापांची सुईण! आज किती बाळंतपणं उरकली?"

"तुझ्या मगरी बारीक झाल्यात का?" थोल विचारायचा.

"मगरी नाही, मी बारीक होतोय."

"मग चांगलंच आहे. तुझी होडी बुडायला आली होती."

सेंग हसायचा. पण एकदा तो बोलता बोलता म्हणून गेला की आणखी दोन घरांमधून हल्ली हलक्या टोपल्या येतात, आणि त्या बायकाही काही सांगत नाहीत.

पुढच्या वर्षी रीमला दिवस गेले. गाव म्हणालं, सापिणींचा आशीर्वाद. विहारात जाऊन कुणी पाणकमळंही वाहून आलं. मी म्हणाले, "असेल बाई. पण नवरा आता घरात रीमच्याच टोकाला झोपतो, हे कुणी ध्यानात घेत नाही." बायका क्रामा तोंडावर घेऊन इतक्या हसल्या की एकीची होडी कलंडता कलंडता राहिली.

ते महिने रीम फारशी बोलायची नाही. दुपारी तराफ्याच्या कडेला पाय पाण्यात सोडून बसायची. मी विचारलं, "आता काय दिसतं गं?" तर म्हणाली, "आता मी खाली नसते. वर असते. होडीत असते. आणि खालून कुणीतरी माझ्याकडे बघत असतं."

मुलगी झाली. नाव ठेवलं रोमदूल. ते कोरड्या जमिनीवरच्या झाडाचं फूल आहे, थोलच्या गावाकडचं, संध्याकाळी वास येणारं. "घरात एक तरी जमिनीचं असू दे," रीम म्हणाली. पण ती पोरगी चालायच्या आधी पोहायला लागली, आणि बापाला पाण्यात ढकलून ढकलून तिनेच त्याला हातपाय मारायला शिकवलं. फार चांगलं नाही, पण तराफ्यापर्यंत परत येण्यापुरतं.

मग दिवस पालटले. पाणी दरवर्षी उशिरा यायला लागलं आणि लवकर जायला लागलं. रानाला एका उन्हाळ्यात आग लागली. पाण्यातलं रान जळतं, हे आम्ही तेव्हाच बघितलं. रीमच्या जाळ्यांत साप कमी, मग फारच कमी यायला लागले. सेंगने धंदा बदलला, आता तो फोनची कार्डं विकतो. रोमदूल लग्न होऊन शहरात गेली, शिलाईच्या कामाला लागली. आणि मग गावाने काठावर जायचं असं वरून ठरलं. आम्हाला जमिनीचे तुकडे वाटून दिले, रस्त्याच्या कडेला, सिमेंटच्या खांबांवरची घरं. मी गेले नाही, माझी होडी अजून चालते. रीम आणि थोल गेले. दोघांचेही गुडघे दुखायला लागले होते.

थोलचं तिथे बरं चाललंय. तो चुली घडवतो. रीम पाणकमळांचे देठ सोलून जुड्या बांधते, आमटीत घालायला लोक नेतात. घरामागच्या खळग्यात गाळ आहे. त्यात कधी साप दिसतात, ती त्यांना हात लावत नाही, काठीने गवत बाजूला करून नुसती बघते.

पण पहिले काही महिने तिला झोप लागली नाही. घर हलत नाही, म्हणायची. जन्मभर हलणाऱ्या घरात झोपलेली बाई. डोळे मिटले की तिला वाटायचं की कुणीतरी आपल्याला घट्ट धरून ठेवलंय. ती वाळत चालली. औषधं झाली, भिक्खूंनी पाणी शिंपडलं. शेवटी थोलने दोन खांबांना झोळी बांधली, तिला दोरी लावली, आणि ती दोरी आपल्या पायाच्या अंगठ्यात अडकवली. तो खाली बसून चुलीला माती लिंपतो, आणि पाय हलवत राहतो. त्या झोळीत रीम झोपली ती दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर उठली.

यंदा पाणी बरं आहे. गेल्या आठवड्यात मी होडी थेट त्यांच्या पायऱ्यांपर्यंत नेली. दुपार होती. रीम झोळीत होती, केस आता पांढरे, एक हात खाली लोंबत. थोल माती लिंपत होता. त्याने मला बघून मानेनेच बस म्हटलं. मी कॉफीचे दोन पेले ठेवले आणि पायरीवर बसले. दोरीचा आवाज तेवढा येत होता.

"बोंग नेत आली का?" रीमने डोळे न उघडता विचारलं.

"आले."

"पाणी कुठवर आलंय?"

"तिसऱ्या पायरीपर्यंत."

"मग हलेल आता घर," ती म्हणाली, आणि कुशीवर वळली.

मी थोलकडे बघितलं. खांब सिमेंटचे, जमिनीत खोल गाडलेले. थोलने मातीचा हात शर्टाला पुसला, कॉफीचा घोट घेतला, आणि पायाच्या अंगठ्यातली दोरी जरा जोरात ओढली.